चार वाजताची आठ मिनिटं

१

आमच्याकडे यांना सांभाळायला जी बाई येते, ती समोरच्या माणसाकडे बघून बोलत नाही. जमिनीकडे बघून बोलते. मला असल्या माणसांची चीड आहे. आपण काही विचारावं, तर ही फरशीच्या रेघा मोजत उभी. तीन वर्षं झाली, पण तिच्या डोळ्यांचा रंग कुठला म्हणून विचाराल तर मला सांगता यायचा नाही. बोलणंही मोजून-मापून. म्हणून मी तिला मुकी म्हणायची, आणि पाठीमागे नाही, तोंडावर. तिने कधी हूं की चूं केलं नाही. त्याचाही मला राग यायचा. मन साफ असलेलं माणूस निदान तोंड तरी वाकडं करतं.

तर ही मुकी सोमवारी दुपारी चार वाजून पंचवीस मिनिटांनी आयुष्यात पहिल्यांदा ओरडली.

मी माझ्या खोलीत गुडघ्यांना शेक घेत पडले होते. दोन गुडघे, दोन पिशव्या, आत गहू भरलेले. पिशव्या तिथेच टाकल्या आणि धावले. मागच्या खोलीत हे पलंगाच्या खाली पडलेले. कपाळ फुटलेलं, डावा हात अंगाखाली दुमडलेला, पायजमा ओला. मुकीने यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. यांनी मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्यापासून कधी तोंड फिरवलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी यांचं उजवं अंग लुळं पडलं. आवाजही तेवढाच गेला. हाक मारली तर ती खोलीचं दार ओलांडत नाही. म्हणून लेकाने एक यंत्र आणलं, तान्ह्या बाळांसाठी करतात ते. दोन डबे असतात. एक यांच्या उशाशी, तो ऐकतो. दुसरा मुकीच्या कमरेला, तो बोलतो. मधे तार नाही, काही नाही. यांनी कण्हलं तरी मुकीला घरात कुठेही ऐकू जावं. रोज चारला ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला, घड्या घालायला जाते, तेव्हाही डबा कमरेलाच.

आता तिच्या कमरेकडे माझं लक्ष गेलं. डब्यावरचा हिरवा दिवा व्यवस्थित जळत होता.

म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी तो बंद केला होता, आणि पुन्हा लावला होता.

२

इस्पितळातून परत आलो तेव्हा यांच्या कपाळावर चार टाके होते आणि डावं मनगट प्लास्टरमध्ये. उजवा हात आधीच गेलेला. राहिला होता तोही आता सहा आठवडे कामाचा नाही. पाण्याचा पेलासुद्धा दुसऱ्याने तोंडाला लावायचा.

मी मुकीला हॉलमध्ये उभी केली. लेक होता, सून होती.

"डबा तू बंद केलास."

"नाही काकू. चालू होता."

"मग यांची हाक का नाही ऐकलीस?"

"आली नाही काकू." हे फरशीला सांगितलं.

"हाक काय टपालाने यायची होती? वर गच्चीवर कुणाशी फोनवर बोलत बसली असशील. इथलं रडगाणं ऐकू येऊ नये म्हणून केला बंद."

लेक डबा उलटसुलट करून बघत होता. "आई, संपर्क तुटला की हा टूंटूं वाजायला हवा. तो वाजला नाही का?"

"ती टूंटूं बंद केलीय," सून म्हणाली. "आईंनीच करायला लावली, पहिल्याच आठवड्यात. दुपारची झोपमोड होते म्हणून."

"ते राहू दे," मी म्हटलं. "विषय तो नाही."

तिथल्या तिथे मी ब्यूरोला फोन लावला. घरोघर माणसं पाठवतात ते ब्यूरो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, बुधवारी अकराला येते, तुमची तक्रार लेखी घेते, बाईलाही परत घेऊन जाते. 'पेशंटला सोडून गेली' असा शेरा एकदा त्यांच्या रजिस्टरमध्ये पडला, की त्या बाईला पुन्हा कुणी आजारी माणसाजवळ उभं करत नाही. मुकीला दुसरं काही येत नव्हतं. हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच फोन केला.

मुकीने ऐकलं, आणि यांना औषध द्यायची वेळ झाली म्हणून आत गेली.

३

पण पुराव्याशिवाय बोलणारी बाई मी नव्हे. मॅडमसमोर नुसती तोंडाची वाफ दवडायची नव्हती. मंगळवारी सकाळी चौकशीला बसले. शाळा माझी चौथीत सुटली, पण माणसं वाचायला मला शाळा कधी लागली नाही. असं मी तेव्हा समजत होते.

आधी सून. ती वरच्या खोलीत बसून कंपनीचं काम करते. कानाला ते भोंगे लावले की खाली आग लागली तरी कळायचं नाही.

"सोमवारी चारला तू कुठे होतीस?"

"मीटिंगमध्ये, आई. म्हणजे असून नसल्यासारखी. चार वाजून पाच मिनिटांनी माझं चित्र गोठलं. तोंड उघडं राहिलेलं. सगळी कंपनी माझे दात बघत होती."

"तुझं तोंड मी रोज उघडंच बघते."

"रोजच होतं ते, चारच्या सुमाराला." टोमणा तिने गिळला. त्यात ती तरबेज आहे, माझ्याच हाताखाली शिकली. "यांना म्हटलं, इंटरनेटवाल्याला बोलवा. आज येतोय तो. आई, एक विचारू? चारला स्वयंपाकघरात कुणी होतं का? तिथून बाबांचं दार सहा पावलांवर आहे."

"मी होते थोडा वेळ. पिशव्या तापवायला. तव्यावर."

"मग तुम्हाला नाही ऐकू आलं?"

"यांचा आवाज दाराबाहेर येतो का? आला असता तर ते डबे कशाला आणले असते?"

ती उठून वर कामाला गेली. आम्हा दोघींचं फारसं सूत नाही. तीन वर्षांपूर्वी तिने पहिल्या बोनसमधून मायक्रोवेव्ह आणला, तेव्हा चार नातेवाइकांसमोर मी सांगितलं होतं, "या पेटीला माझा हात लागणार नाही. ज्याला चुलीचा कंटाळा, त्याने ही पेटी वापरावी." त्या दिवशी ती जेवली नाही. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

मग लेक. त्याला एवढंच विचारलं की यंत्र हलकं तर नाही ना आणलं. तो म्हणाला, "चांगलं आहे, आई. उगाच तिच्यामागे लागू नकोस." बायकोच्या बाबतीतही तो हेच म्हणतो, म्हणून त्याची साक्ष मी धरली नाही.

मग हे. खुर्ची ओढून जवळ बसले. यांचं बोलणं समजायला कान ओठांशी न्यावा लागतो.

"अहो, खरं सांगा. हाक मारली होती?"

"तीनदा. नुकतेच चार वाजले होते. बाथरूमला जायचं होतं. कुणी आलं नाही, म्हणून उठलो."

"आणि पडल्यावर? नंतर का नाही मारली?"

हे भिंतीकडे बघायला लागले. "कपडे खराब झाले होते," म्हणाले. "कुणाला बोलवू?"

मी प्लास्टरवरून हात फिरवत राहिले. मग हे आपणहून म्हणाले, "चारला हाक पोचत नाही, हे मला माहीत आहे. महिना-दोन महिने झाले. एकदोनदा मारून पाहिली. म्हणून त्या वेळी मी गप्प राहतो. काल नाइलाज झाला."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"वाटलं, ती दमत असेल. दिवसातून घटकाभर बंद ठेवत असेल. ठेवू दे."

झालं. खुद्द यांच्या तोंडून पुरावा मिळाला. रोज चारला, ठरवून, दोन महिने! मी उठले आणि एक गोष्ट केली, जी सांगायला आज जीभ उचलत नाही. मुकी यांना पुसून काढत होती तेवढ्यात दारामागे टांगलेली तिची कापडी पिशवी मी उलटी केली. एक कंगवा, डबा, मुलीचा फोटो, निळ्या दोऱ्यात ओवलेली सुई. आणि कागदाची एक पुडी. पुडीत मूठभर गहू.

"बघा!" मी सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडले. "गहूसुद्धा चोरते!"

मुकी दारात आली. हातात ओला पंचा. पुडीकडे तिने पाहिलं, माझ्याकडे नाही. सून जिन्यावर उभी होती. मुकीने तोंड उघडलं, सुनेकडे नजर टाकली आणि पुन्हा मिटलं.

"बोल ना. आता काय म्हणणं आहे?"

"काही नाही, काकू."

४

इंटरनेटवाला साडेचारला आला. बारीकसा, मिशीवाला, खिशात चार पेचकस. त्या दिवशी घरात सगळ्यांचा राबता असल्याने माझा शेक राहिला होता आणि गुडघे ठणकत होते.

"काय गंमत आहे बघा," सून त्याला म्हणाली. "आजच नेमकी माझी मीटिंग सुरळीत झाली. एकदाही अडकली नाही. तुम्ही येणार म्हणून बिघाड पळून गेला."

"वहिनी, बिघाड कधी पळत नाही, लपतो." त्याने इंटरनेटची पेटी तपासली, फोनवर कसल्या रेघा बघितल्या. "रोज चारलाच होतं? मग तुमच्या वायरीत दोष नाही. वायरीला घड्याळ कळत नाही. घड्याळ माणसाला कळतं. चारला या घरात कोण काय चालू करतं?"

"म्हणजे?"

मी दारात उभी होते. त्याने मलाच समजावलं. "आजी, हवेत रस्ते असतात असं समजा. रेडिओचा वेगळा, टीव्हीचा वेगळा. पण घरातल्या बिनतारी वस्तूंना एकच गल्ली नेमून दिलीय. इंटरनेट त्याच गल्लीतून, कानातले भोंगे त्याच गल्लीतून, आजोबांच्या उशाशी मघाशी दिसला तो डबासुद्धा त्याच गल्लीतून. एरवी एकमेकांना अंग चोरून वाट देतात. पण गल्लीत कुणी मोठ्याने आरडाओरडा करत घुसलं, की बाकीच्यांचं बोलणं बुडालं. दिवा जळत राहतो, डबा चालू असतो, पण आवाज पोचत नाही. तो गेला की दोनेक मिनिटांनी सगळं पुन्हा जागेवर."



"आणि गल्लीत घुसतो तो कोण?" लेकाने विचारलं.

"बहुतेक घरांत एकच. मायक्रोवेव्ह." तो स्वयंपाकघरात गेला, पेटीचं दार उघडून कडेवर बोट फिरवलं. "हे बघा, बिजागरी सैल झालीय. दार नीट बसत नाही. कुणीतरी जोरात ओढतंय. यातून गळती असणार. बदलून घ्या. चारला कोण लावतं हा?"

"कुणीच नाही," सून म्हणाली. "सकाळी आठला मी दूध तापवते, तेवढंच."

"मी तर हातच लावत नाही," लेक म्हणाला.

मुकी ओट्याशी पेला विसळत होती. तिचा हात थांबला. 

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे. मी कशी त्या पेटीला शिवत नाही, हे सगळ्या गोतावळ्याला पाठ आहे. माझ्याकडे पाहिलं ते नुसतं रीत म्हणून.

"दुपारी चारला या घरात ती पेटी कुणी लावत नाही," मी म्हटलं.

५

बुधवारी सकाळी नऊला लेक कामावर गेला. सून वर. मुकी यांना चाकांच्या खुर्चीतून अंगणात घेऊन गेलेली. मागची खोली रिकामी होती.

मी गजराचं घड्याळ यांच्या उशाशी, ऐकणाऱ्या डब्याला चिकटवून ठेवलं. दार लावलं. बोलणारा डबा मुकीने चार्जिंगला लावला होता, तो घेऊन स्वयंपाकघरात आले. कानाशी धरला. टिक, टिक, टिक. माझ्या म्हाताऱ्या कानालाही स्पष्ट.

मग पदराखालून पिशवी काढली, पेटीत ठेवली. कुठलं बटण, किती वेळा दाबायचं, हे मला अंधारातही जमलं असतं. दोन महिन्यांपूर्वी तव्यावर पिशवी जळली, तेव्हापासून रोज हेच करत आले होते. मुकी गच्चीवर गेली, सुनेने भोंगे लावले, की मी चोरासारखी स्वयंपाकघरात. एका पिशवीला चार मिनिटं. दोन पिशव्यांना आठ. कुणी जिना उतरेल या धास्तीने दार हिसकून उघडायची. ते सैल झालं ते माझ्याच हाताने.

बटण दाबलं. पेटी घूं करायला लागली.

डब्यातली टिकटिक तुटली. एक टिक, मग खरखर, मग काहीच नाही.

हिरवा दिवा जळतच होता.

मी तशीच उभी राहिले. सहा पावलांवर यांचं दार. सोमवारी मी अगदी याच जागी होते. हे तिकडे तीनदा हाक मारत होते आणि मी इकडे पेटीत फिरणारी पिशवी बघत होते. टूंटूं वाजली असती तर मुकी गच्चीवरून धावत आली असती. ती माझ्याच हुकमाने बंद होती.

पेटी थांबली. सव्वादोन मिनिटांनी डबा पुन्हा बोलायला लागला. टिक, टिक.

पिशवी बाहेर काढली. काचेच्या ताटलीवर चार-पाच गव्हाचे दाणे पडले होते. पिशवीचा कोपरा उसवलेला. मी पिशवी उलटी करून पाहिली. दुसरा कोपराही कधीतरी उसवला असणार, कारण तो कुणीतरी बारीक टाके घालून शिवला होता.

निळ्या दोऱ्याने.

मी स्टुलावर बसले. घरात कुणी बघत नव्हतं, तरी पदर तोंडावर घेतला.

६

अकराला मॅडम आल्या. काळी पर्स, जाड रजिस्टर. लेकाला मी फोन करून बोलावून घेतलं होतं. सुनेला खाली बोलावलं. यांची खुर्ची हॉलमध्ये आणायला लावली. मुकी आपली कापडी पिशवी खांद्याला लावून दाराशी उभी. तिने सगळं भरून तयारी केली होती. यांच्या गोळ्यांचे आठवड्याचे कप्पेसुद्धा भरून ठेवले होते, पुढच्या बाईला त्रास नको म्हणून.

"सांगा, काय झालं?" मॅडमनी पेन उघडलं. "पेशंटला सोडून गेली, असंच ना?"

"आधी मला तिला एक विचारू दे," मी म्हटलं. "पुडीतले गहू कुठले?"

मुकी फरशीकडे बघत होती. "राहू द्या ना काकू."

"विचारतेय ते सांग."

"तुमच्या पिशवीतलेच." तिचा आवाज जेमतेम येत होता. "कोपरा उसवला होता. रोज ताटलीवर सांडायचे. वहिनींना दिसू नयेत म्हणून उचलून ठेवत होते. परत भरून शिवणार होते."

"कुठली ताटली?" सुनेने विचारलं.

मुकी गप्प. आत्तासुद्धा गप्प. हातातून काम जात होतं, रजिस्टर उघडं होतं, आणि ही बाई माझी अब्रू धरून उभी होती.

"मायक्रोवेव्हची," मी म्हटलं. "सूनबाई, तुझ्या पेटीची. दोन महिने झाले, रोज चारला, आठ मिनिटं. तवा नाही आणि काही नाही. तुझ्यासमोर खोटं बोलले, त्या इंटरनेटवाल्यासमोर बोलले. त्या गल्लीत आरडाओरडा करत घुसणारी मी. सकाळी घड्याळ लावून पाहिलं. हिरवा दिवा जळतो आणि आवाज मरतो. हवं तर आत्ता दाखवते."

 सुनेला हसायचा हक्क होता. तीन वर्षांचा साठलेला. ती हसली नाही, नुसती खाली बसली. ते जास्त लागलं.

लेक म्हणाला, "आई, तुला कुठे माहीत होतं..."

"मला माहीत नव्हतं, हे खरं. पण काल साडेचारनंतर संशय आला होता आणि मी तोंड मिटून बसले. रात्र काढली. ती का माहीत नसल्याने काढली?"

यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. बघितलं. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं खुर्चीच्या हातावर हलत होती. मला जवळ बोलवत होते की लांब जा म्हणत होते, समजलं नाही. मी विचारलंही नाही.

"मग मी लिहू काय?" मॅडम गोंधळल्या.

"लिहा, पेशंटच्या बायकोची चूक. माझा अंगठा नको, मला सही येते." आणि मी दाराशी गेले. गुडघे कुरकुरत होते, पण बसून बोलायची ही गोष्ट नव्हती. "मान वर कर."

तिने केली नाही.

"अगं, वर कर म्हणते ना."

तिने मान वर केली. डोळे घारे निघाले. त्यात पाणी नव्हतं. राग होता, चांगला तीन वर्षांचा मुरलेला.

"हां, असंच बघ," मी म्हटलं. "तुझी पिशवी उलटी करणारी मी, तुला मुकी म्हणणारी मी, यांची हाक बुडवणारीही मीच. तुला राहायचं तर राहा, जायचं तर जा, ते तू ठरव. शेरा तुझ्या नावावर पडणार नाही. पण या घरात आता फरशीकडे बघून कुणी बोलायचं असेल, तर ते मी बोलायचं, बाई. तू नाही."